मडक्यातून मातीत: फळझाडांच्या प्रवासाची गोष्ट



मृग लागला की आपल्या आठवडी बाजारात टेम्पो भरून रोपं येतात. आंब्याची कलमं, चिकू, पेरू, लिंबू, डाळिंब. आपण पानं बघतो, कलमाचा सांधा बघतो, भाव करतो आणि झाड घरी आणतो. ज्या काळ्या पिशवीत ते झाड वाढलं, तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही. ती तर फाडून टाकायचीच असते. आज मी त्या पिशवीचाच इतिहास सांगणार आहे. पिशवी प्लास्टिकची झाली ती अगदी अलीकडे. त्याआधी पत्र्याचा डबा होता, त्याआधी मडकं होतं आणि मडक्याच्याही जोडीला टोपली होती. झाड एका जागी रुजवायचं आणि मुळांसकट उचलून दुसऱ्या जागी लावायचं, ही युक्ती माणसाला निदान साडेतीन हजार वर्षं ठाऊक आहे.

आपल्यातल्या बऱ्याच गटांनी रोपवाटिका चालवल्या आहेत किंवा दुसऱ्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरल्या आहेत. माती चाळायची, शेणखत मिसळायचं, पिशवी भरायची, बी टोचायचं, उन्हाळाभर पाणी घालायचं. हिशोब बहुतेक वेळा पिशवीमागे होतो. पिशवीत झाड वर्ष-दोन वर्षं राहतं. जमिनीत ते पन्नास वर्षं उभं राहणार असतं. पण पहिल्या दोन वर्षांत आत जे बिघडतं, ते पुढे सहजासहजी सुधारत नाही. म्हणून हा इतिहास आपल्या कामाचा आहे.

बी असताना मडकं कशाला?

काजू, पपई, पेरू ही झाडं मुळात आपल्याकडची नव्हेत. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून ती आशियात आली. त्यांचं बी रुजतं, त्यामुळे त्यांना फारसे कष्ट पडले नाहीत. बी पुडीत बांधून नेता येतं, आणि पुडीला पाणी घालावं लागत नाही.

पण सगळी झाडं अशी सोपी नसतात. हापूसची कोय लावली तर येणारं झाड हापूसचं असेल याची खात्री नसते. आंबा लागेल, पण आईसारखा लागेलच असं नाही. म्हणून कलम करावं लागतं. केळीला तर बीच नसतं, कंद किंवा मुनवा न्यावा लागतो. आणि ज्यांचं बी चांगलं रुजतं, त्यांनाही आपल्या हवेत एक अडचण असते. पाऊस चार महिन्यांचा आणि ऊन आठ महिन्यांचं. कोवळ्या रोपाला शेळी खाते, वाळवी खाते, पाणी घालायला रोज माळावर जाणं होत नाही. तेच रोप घराशेजारी, मोरीच्या पाण्याजवळ, सावलीत वर्षभर सांभाळलं आणि पहिल्या पावसात शेतात नेलं तर जगतं.

म्हणजे मडकं आपल्याला दोन गोष्टी देतं. झाडाला एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येतं, आणि ते नाजूक असेतो नजरेसमोर ठेवता येतं. या दोन गोष्टींसाठी माणसांनी काय काय केलं ते आता बघू.

राणीच्या देवळातली टोपली

सगळ्यात जुना पुरावा इजिप्तचा. तिथे हत्शेप्सुत नावाची राणी होती. ती नुसती राजाची बायको नव्हती, स्वतः राज्य करणारी होती. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात तिनं तांबड्या समुद्रातून पुंट नावाच्या देशाकडे जहाजं पाठवली. पुंट म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडचा मुलूख. तिथे धुपासाठी लागणारा सुगंधी डिंक देणारी झाडं होती. दर वेळी डिंक विकत आणण्यापेक्षा झाडंच आणावीत, असा हा बेत होता.

देर अल-बहरी इथल्या तिच्या देवळाच्या भिंतीवर हा सगळा प्रवास कोरलेला आहे. झाडं मुळांवरच्या मातीसकट टोपल्यांत ठेवलेली आहेत, टोपल्या दांड्याला अडकवल्या आहेत आणि माणसं त्या खांद्यावर घेऊन जहाजावर चढवत आहेत. अशी ३१ झाडं आणल्याची नोंद आहे. ही फळझाडं नव्हती, तरी रीत आपल्या ओळखीची आहे. मुळं उघडी पडू द्यायची नाहीत, मुळाभोवतीची माती सुटू द्यायची नाही. कलम घेऊन एसटीत बसणारी बाई पिशवी मांडीवर का धरते, त्याचं कारण तेच.

रोमचं मडकं आणि आपली गुटी

यानंतर सुमारे तेराशे वर्षांनी, इटलीत केटो नावाच्या जमीनदारानं शेतीवर एक पुस्तक लिहिलं. केटो इसवी सनापूर्वी १४९ मध्ये वारला, म्हणजे पुस्तक त्याच्याही आधीचं. त्यात झाडाच्या फांदीला झाडावरच मुळं कशी फोडायची ते सांगितलं आहे. मडक्याच्या किंवा टोपलीच्या बुडाला भोक पाडायचं. त्यातून फांदी वर ओढून घ्यायची. मडक्यात माती भरून चांगली दाबायची आणि मडकं तसंच झाडावर राहू द्यायचं. दोन वर्षांनी मडक्याच्या खालून फांदी कापायची, मडकं फोडायचं आणि मातीच्या गोळ्यासह खड्ड्यात लावायचं.

ऐकताना ओळखीचं वाटलं ना? डाळिंबाला आपण गुटी बांधतो ती हीच. आपण फांदीची साल गोल काढतो, ओलं शेवाळ गुंडाळतो आणि वर प्लास्टिक बांधतो. केटोकडे प्लास्टिक नव्हतं, म्हणून मडकं होतं. मडकं लावताना फोडायला त्यानं सांगितलं आहे, हे विसरू नका. त्याच्याकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

या केटोच्या पुस्तकात आणखीही एक सल्ला आहे. म्हातारा बैल, जुनी गाडी आणि म्हातारा किंवा आजारी गुलाम विकून टाकावा, असं तो लिहितो. त्याच्या बागेतली मडकी भरणारी, झाडावर चढवणारी, दोन वर्षं त्यांना पाणी घालणारी माणसं हीच होती. पुस्तकावर नाव केटोचं राहिलं.

पुढे रोममध्येच प्लिनी नावाचा लेखक झाला. त्यानं महाळुंगाबद्दल लिहिलं आहे. महाळुंग म्हणजे जाड सालीचं, मोठ्या लिंबासारखं फळ. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते महाळुंगच. हे झाड मूळचं आपल्या बाजूचं, हिमालयाच्या पायथ्याकडचं. तिथून ते इराणात गेलं आणि रोमन लोकांना औषधी म्हणून हवंहवंसं वाटू लागलं. प्लिनी सांगतो की लोकांनी हे झाड मातीच्या भांड्यांतून आपापल्या देशात नेऊन बघितलं, आणि मुळांना श्वास घेता यावा म्हणून त्या भांड्यांना भोकं ठेवली होती. तरीही ते झाड परक्या मुलखात रुजायला तयार नव्हतं, अशीही त्याची तक्रार आहे. पुढच्या काळात ते इटलीत चांगलं रुजलं.

प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मेला. त्याच उद्रेकाच्या राखेखाली पाँपेई नावाचं शहर गाडलं गेलं. आपल्या काळात तिथल्या बागा उकरल्या तेव्हा बुडाला आणि बाजूला भोकं असलेली मडकी मिळाली. म्हणजे पुस्तकात लिहिलेलं लोक खरंच करत होते. बिनभोकाच्या कुंडीत पाणी साठतं आणि मूळ कुजतं, हे तेव्हाच्या माळ्यालाही माहीत होतं.

मचाणावरची कुंडी

आता आपल्या कोकणात आणि गोव्यात येऊ. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. घेणाऱ्या सेनापतीचं नाव अफोन्सो द अल्बुकर्क. अफोन्सोवरून अल्फान्सो आणि त्यावरून हापूस, असं मानलं जातं. चांगल्या आंब्याचं कलम बांधण्याची रीत पोर्तुगीज धर्मगुरूंनी गोव्यात वाढवली, असं इतिहासकार सांगतात. तिथून हापूस किनाऱ्यानं वर रत्नागिरीपर्यंत आला.

जुनी रीत होती भेट कलमाची. जुन्या माणसांनी ती पाहिली असेल. रायवळ आंब्याची कोय कुंडीत रुजवायची. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की ती कुंडी हापूसच्या झाडाकडे न्यायची. फांदी वर आहे, कुंडी खाली आहे, मग करायचं काय? झाडाभोवती लाकडी मचाण बांधायचं आणि त्यावर कुंड्या ओळीनं मांडायच्या. कुंडीतल्या रोपाची आणि हापूसच्या फांदीची साल थोडी तासायची, दोन्ही उघड्या जागा एकमेकींना चिकटवायच्या आणि घट्ट बांधायच्या. दोघांची भेट झाली म्हणून भेट कलम. सांधा जुळायला दोन-तीन महिने लागत. जुळला की वरून रोपाचा शेंडा कापायचा, खालून हापूसची फांदी कापायची, आणि कुंडी मचाणावरून उतरवायची.

या सगळ्या काळात कुंडीतली माती सुकता कामा नये. रोप सुकलं तर सांधा जुळत नाही. म्हणजे रोज पाणी वर चढवायचं. एका झाडावर जेवढ्या फांद्या हाताशी येतील तेवढीच कलमं होत, आणि म्हणून कलम महाग असे. ते सगळ्यांच्या परसात जाऊ शकत नव्हतं.

हे बदललं ते कोय कलमामुळे. कोय रुजून पंधरा-वीस दिवसांचं, तांबूस पानांचं कोवळं रोप झालं की त्याचा शेंडा छाटायचा, मध्ये चीर द्यायची आणि हापूसची पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवायची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं या पद्धतीचा प्रसार केला. आता कुंडी झाडाकडे न्यायची गरज उरली नाही, झाडाची काडीच कुंडीकडे येऊ लागली. मचाण गेलं. सावलीत पाटावर बसून एक बाई दिवसाला कितीतरी कलमं बांधू शकते. कोकणातल्या अनेक रोपवाटिकांत बायका हे काम सफाईनं करतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत हे कलम चांगलं जगतं.

ज्या जहाजावर झाडांना माणसांआधी पाणी मिळालं

मडक्यातल्या झाडांची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट एका फणसाची आहे. आपला फणस नव्हे, नीरफणस. कोकण-गोव्यात याचे काप करून तव्यावर परततात. काही जण याला विलायती फणस म्हणतात. प्रशांत महासागरातल्या बेटांवर हे रोजचं अन्न. तिथल्या चांगल्या जातींना बीच नसतं. मुळावर फुटलेला कोंब खणून लावावा लागतो. त्यामुळे हे झाड पुडीत बांधून नेणं शक्यच नव्हतं.

अठराव्या शतकात वेस्ट इंडीजच्या बेटांवर इंग्रजांचे उसाचे मळे होते. मळ्यांत राबायला आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम होते. त्यांना खायला घालण्याचा खर्च मालकांना जड वाटत होता. नीरफणसाचं झाड एकदा लावलं की वर्षानुवर्षं फळ देतं, तेव्हा ते तिथे नेऊन लावलं तर गुलाम स्वस्तात पोसले जातील, असा विचार झाला. त्यासाठी इंग्लंडच्या सरकारनं १७८७ च्या डिसेंबरात बाउंटी नावाचं जहाज ताहिती बेटाकडे पाठवलं. कप्तान होता विल्यम ब्लाय.

जहाजातली सगळ्यात मोठी खोली एरवी कप्तानाची असे. ती या वेळी झाडांना दिली. फळ्यांना गोल भोकं पाडून त्यांत कुंड्या बसवल्या, म्हणजे जहाज हललं तरी कुंडी पडणार नाही. जमिनीवर शिशाचा पत्रा ठोकला आणि कुंड्यांतून झिरपलेलं पाणी पन्हळीतून पिंपात जमा होईल अशी सोय केली. तेच पाणी पुन्हा घालायचं. आज आपण ठिबकचं कौतुक करतो, पण पाणी वाचवण्याची ही अक्कल त्या जहाजावर होती.

ताहितीत कोंब कुंड्यांत लावून ते मुळं धरेपर्यंत थांबावं लागलं. पाच महिने जहाज तिथेच होतं. मग ७७४ कुंड्या, ३९ पिंपं आणि २४ खोकी भरून नीरफणसाची १,०१५ झाडं घेऊन ते १७८९ च्या एप्रिलमध्ये निघालं. त्याच महिन्यात, २८ तारखेला पहाटे, काही खलाशांनी बंड केलं. कप्तानाच्या कडक आणि अपमानास्पद वागण्याला ते कंटाळले होते, आणि ताहितीतले पाच महिने त्यांना विसरता येत नव्हते. त्यांनी ब्लाय आणि त्याच्या १८ साथीदारांना एका उघड्या होडीत सोडून दिलं आणि झाडं समुद्रात फेकून दिली. एवढ्या निगुतीनं रुजवलेल्या हजार झाडांतलं एकही पोचलं नाही.

ब्लाय मात्र जगला, इंग्लंडला परतला आणि दुसऱ्यांदा निघाला. या वेळी जहाजाचं नाव प्रॉव्हिडन्स. परतीच्या वाटेवर गोडं पाणी कमी पडलं. आधी झाडांना, मग माणसांना, असा हुकूम होता. जहाजावर मॅथ्यू फ्लिंडर्स नावाचा तरुण होता. पुढे यानंच ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे नकाशे केले. तो सांगतो की माळी झाडांना पाणी घेऊन जिन्यावरून जाई, तेव्हा भांड्यातून सांडलेले थेंब खलाशी पायऱ्यांवर पडून चाटत. १७९३ मध्ये झाडं वेस्ट इंडीजच्या सेंट व्हिन्सेंट आणि जमैका बेटांवर उतरली आणि रुजली.

पण ज्यांच्यासाठी म्हणून आणली त्यांना ती आवडली नाहीत. गुलामांनी बरीच वर्षं नीरफणस खाल्ला नाही. आपल्याला न विचारता, मालकाच्या सोयीसाठी आणलेलं अन्न कुणाच्या घशाखाली उतरणार? पुढे गुलामगिरी गेली, पिढ्या बदलल्या आणि आज जमैकात नीरफणस घरोघरी भाजून खाल्ला जातो. आता ते झाड त्यांचं आहे.

काचेची पेटी आणि केळीचं रोप

जहाजावरचा पाण्याचा हा प्रश्न सुटला तो लंडनच्या एका डॉक्टरमुळे. त्यांचं नाव नॅथॅनियल वॉर्ड. १८२९ मध्ये त्यांनी बंद काचेच्या बाटलीत ओल्या मातीवर किड्याचा कोष ठेवला होता. काही दिवसांनी त्या मातीतून नेच्याचं रोप उगवलं. बाटली बंद असल्यामुळे मातीतलं पाणी वाफ होऊन काचेला लागे आणि पुन्हा खाली पडे. पाणी घालावंच लागत नव्हतं. वॉर्ड यांनी याच धर्तीवर लाकडी चौकटीच्या काचपेट्या बनवल्या आणि १८३३ मध्ये झाडं भरून ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासानंतरही झाडं जिवंत पोचली.

अशाच पेटीतून १८३० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या एका सरदाराच्या बागेतली बुटकी केळी एका मिशनऱ्यानं प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर नेली. त्या सरदाराचं आडनाव कॅव्हेंडिश, म्हणून त्या केळीच्या सगळ्या कुळाला कॅव्हेंडिश नाव पडलं. आपल्या जळगावची बसराई, श्रीमंती आणि आताची ग्रँड नैन या त्याच कुळातल्या. ग्रँड नैनचं टिश्यू कल्चरचं रोप आधी प्रयोगशाळेत बंद बाटलीत वाढतं, मग छोट्या पिशवीत येऊन बाहेरच्या हवेची सवय करून घेतं आणि त्यानंतर शेतात जातं.

डालड्याच्या डब्यापासून काळ्या पिशवीपर्यंत

आपल्या घरांत अगदी परवापर्यंत रोप म्हटलं की रॉकेलचा किंवा डालड्याचा डबा आठवायचा. खिळ्यानं बुडाला भोकं पाडायची आणि माती भरायची. मडकं फुटलं तर त्याचा खालचा भाग रोपाला. बांबूच्या टोपल्या, पानांचे द्रोण, हेही होतं. नर्सरीतल्या कुंड्या मात्र जड आणि ठिसूळ. बैलगाडीत शंभर कुंड्या घातल्या तर दहा फुटायच्या.

पॉलिथीन हे प्लास्टिक १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या एका कारखान्यात अचानक हाती लागलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते सगळीकडे पसरलं. त्याची पिशवी कुंडीपेक्षा कितीतरी हलकी, स्वस्त आणि न फुटणारी. एका टेम्पोत हजारो रोपं मावू लागली. १९९० मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हा छोट्या शेतकऱ्याच्या माळरानावरही आंबा, डाळिंब, बोर, चिकू लागले. या कामांवर खड्डे खणायला आणि पाणी वाहायला बायका मोठ्या संख्येनं होत्या. काळी पिशवी नसती तर एवढी रोपं एवढ्या कमी काळात तयार होऊन गावोगाव पोचलीच नसती.

पण या पिशवीनं एक दुखणंही आणलं. पिशवीची भिंत गुळगुळीत असते. मूळ भिंतीला लागलं की वळतं आणि गोल फिरत राहतं. सोटमूळ बुडाशी गेलं की तेही वळतं. रोप वेळेत लावलं तर बिघडत नाही. पण गिऱ्हाईक आलं नाही, पाऊस लांबला, म्हणून रोप दोन-तीन वर्षं त्याच पिशवीत राहिलं, तर आत मुळांचं वेटोळं होतं. वरून पानं हिरवी दिसतात. जमिनीत गेल्यावरही ते वेटोळं उलगडत नाही. मुळं जाड होत जातात आणि एकमेकांनाच आवळतात. पाच-सात वर्षांनी झाड वाऱ्यात कलतं, किंवा उन्हाळ्यात कारण नसताना सुकतं. तोवर विकणारा कुठे आणि घेणारा कुठे!

जुनी माणसं म्हणायची की जागेवर कोय लावलेला आंबा दुष्काळात टिकतो. त्यात तथ्य आहे. तिथे सोटमूळ सरळ खाली जातं. म्हणून आजही कोरडवाहू भागात आधी रायवळ रोप जागेवर वाढवून त्यावरच कलम करायला सांगतात.

रोपाची फसवणूक वर्षांनी कळते, हे सरकारलाही माहीत होतं. म्हणून फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ मध्येच कायदा झाला. फळरोपं विकायची तर परवाना हवा, आणि खुंट कुठला, काडी कुठल्या झाडाची, याची नोंद ठेवायला हवी. आपला गट फळरोपं विकणार असेल तर आधी कृषी खात्याकडे परवान्याची चौकशी करा.

केनियातल्या बायका

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्यासारख्याच बायकांची आहे. आफ्रिकेतल्या केनिया देशात वांगारी मथाई नावाच्या प्राध्यापक होत्या. खेड्यातल्या बायका त्यांना सांगत की सरपण मिळत नाही, पाणी आटलंय, मुलांना धड खायला नाही. मथाईंना दिसलं की या सगळ्याच्या मुळाशी तुटलेली झाडं आहेत. ५ जून १९७७ रोजी त्यांनी राष्ट्रीय महिला परिषदेच्या वतीनं नैरोबीत सात झाडं लावली. त्यातून ग्रीन बेल्ट म्हणजे हिरवा पट्टा नावाची चळवळ उभी राहिली.

सुरुवातीला रोपं सरकारी वनखात्याकडून फुकट मिळत होती. वनाधिकाऱ्यांना वाटलं, बायका नेऊन नेऊन किती नेणार? पण मागणी इतकी वाढली की पैसे मागायची वेळ आली. मग बायकांनी स्वतःच रोपं करायचं ठरवलं. शिकवायला आलेले वनाधिकारी अवघड शब्दांत बोलू लागले. झाडं लावायला पदवी लागते, असाही सूर निघाला. मथाईंनी बायकांना सांगितलं, तुम्ही जन्मभर मका आणि घेवडा पेरताय, तीच अक्कल इथे वापरा. बायकांनी बिया आपल्याच रानातून गोळा केल्या. जुने पत्र्याचे डबे, फुटकी मडकी, जे हाताशी होतं त्याला भोकं पाडून रोपं केली. सरपणाची झाडं लावली, फळांचीही लावली.

या चळवळीत बायकांना मोबदला मिळायचा तो लावलेलं रोप जगल्यावर. रक्कम लहान होती आणि रोप मेलं तर कष्ट वाया, ही जोखीमही त्यांच्याच माथी होती, हे खरं. पण त्यामुळे रोप कुठे लावलं, त्याला कोण पाणी घालतं, शेळ्यांपासून कोण राखतं, याची माहिती बायकांकडे राहिली. केटोच्या बागेतल्या गुलामानं आणि प्रॉव्हिडन्सवरच्या माळ्यानं रुजवलेली झाडं दुसऱ्याच्या मालकीची होती. केनियातल्या बाईचं झाड तिच्या डोळ्यांसमोर होतं. २००४ मध्ये मथाईंना शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा अशी सुमारे तीन कोटी झाडं लागली होती.

आपल्या गटासाठी

इतक्या गोष्टी ऐकल्यावर आपल्या रोपवाटिकेत काय करायचं ते थोडक्यात सांगते.

पिशवी असो की डबा, भोकं बुडालाही हवीत आणि खालच्या बाजूलाही. पिशव्या एकाच जागी महिनोन्‌महिने ठेवू नका. मुळं खाली जमिनीत शिरतात आणि उचलताना तुटतात. अधूनमधून पिशव्या हलवा, बाहेर आलेली मुळं छाटा. सांध्याच्या खाली खुंटाला फुटवा आला तर लगेच खुडा, नाहीतर हापूस मरेल आणि रायवळ वाढेल. रोप नेण्याआधी दोन-तीन आठवडे सावली हळूहळू कमी करा आणि पाणी थोडं ओढून धरा. एकदम सावलीतून उन्हात गेलेलं रोप होरपळतं.

लावताना पिशवी फाडायची, पण मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. केटोनं मडकं फोडायला सांगितलं ते याचसाठी. पिशवीसकट पुरलेली रोपं आजही कुठे कुठे दिसतात, ती जगत नाहीत. बुडाशी गोल फिरलेली मुळं दिसली तर धारदार चाकूनं तेवढीच छाटा. कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या आणि आधाराला काठी बांधा. फाटलेल्या पिशव्या बांधावर टाकू नका, गोळा करून आणा.

आणि एक वही घाला. रोप कुणाला दिलं, कुठल्या तारखेला, कुठली जात, एवढंच लिहा. दोन पावसाळ्यांनी त्या घरी जाऊन बघा किती जगली. आपण पिशव्या किती भरल्या हे कंत्राटदार मोजतो. झाडं किती जगली हे आपणच मोजलं तर पुढच्या वर्षी भाव सांगताना आपल्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल.

गटाच्या येत्या बैठकीत एक काम नक्की करा. वर्षभराहून जुनं, विकलं न गेलेलं एक रोप आणा, पिशवी उभी फाडा, माती हलक्या हातानं पाण्यात धुवा आणि मुळं सगळ्याजणींनी मिळून बघा. वेटोळं दिसलं तर त्या वाफ्यातली बाकीची रोपं विकण्याआधी मोठ्या पिशवीत घ्या, किंवा याच पावसात आपल्याच बांधावर लावून टाका.

तुम्हाला काय दिसलं ते रेडिओ केंद्राला नक्की कळवा.